मोजणारे आणि उमजणारे

समाजाचे शास्त्र होऊ शकते काय, आणि होत असेल तर ते पदार्थविज्ञानासारखे की इतिहासासारखे, यावर गेली पावणेदोनशे वर्षे विद्वानांत वाद चालू आहे. संगीतात जशी घराणी, तशी याही विषयात दोन मोठी घराणी आहेत. एक म्हणते, समाजातल्या घडामोडी बाहेरून, तटस्थपणे पाहाव्यात, मोजाव्यात, त्यांच्यातले नियम शोधावेत. जे मोजता येत नाही ते शास्त्रात आणू नये. याला आपल्याकडे प्रत्यक्षार्थवाद म्हणतात. दुसरे म्हणते, दगड खाली पडतो तेव्हा त्याच्या मनात काही नसते, माणूस पाऊल उचलतो तेव्हा असते; त्या कृतीला तो स्वतः कोणता अर्थ देतो हे उमजल्याशिवाय तुमची मोजणी पोकळ. याला अन्वयार्थवाद म्हणावे. नावे जड आहेत. परीक्षेपुरती पाठ करायची आणि विसरायची, असाच बहुतेकांचा अनुभव. मी हायस्कुलातला शिक्षक, समाजशास्त्राची एम. ए. बाहेरून बसून केली, आणि तेव्हापासून हा वाद मात्र डोक्यातून गेला नाही. कारण आपण सीमाभागातली माणसे. तुमची भाषा कोणती, हे कोणीतरी दर दहा वर्षांनी दारात येऊन विचारायचे, एका रकान्यात लिहून घ्यायचे, आणि त्या रकान्यांच्या बेरजेवर राज्यांच्या सीमा, शाळा, पाट्या आणि खटले उभे राहायचे, हे आपल्या पिढ्यांनी पाहिले आहे. तेव्हा हा वाद जरा मुळापासून पाहू.

पहिल्या घराण्याचा मूळपुरुष ऑग्युस्त काँत. जन्म १७९८चा, फ्रान्समधल्या माँपेल्ये गावचा. राज्यक्रांतीने जुनी घडी मोडली होती आणि नवी बसली नव्हती, अशा काळात हा माणूस वाढला. ग्रहताऱ्यांचे नियम सापडले, मग समाजाचे का सापडू नयेत, हा त्याचा प्रश्न. १८३० ते १८४२ या बारा वर्षांत सहा खंड लिहून त्याने मांडले की मानवी ज्ञान तीन पायऱ्या चढते: आधी प्रत्येक गोष्टीमागे देव दिसतो, मग अमूर्त तत्त्वे दिसतात, आणि शेवटी माणूस 'का' हा प्रश्न सोडून 'कसे' एवढेच विचारू लागतो. या नव्या शास्त्राला तो आधी 'सामाजिक भौतिकी' म्हणत असे. पण आदॉल्फ केतले नावाच्या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाने १८३५ साली तेच नाव आपल्या ग्रंथाला लावले. काँत संतापला आणि त्याने अर्धा लॅटिन, अर्धा ग्रीक असा एक नवा शब्द घडवला. तोच आजचा 'सोशिऑलॉजी'. रागाच्या भरात बारसे झालेले दुसरे शास्त्र मला ठाऊक नाही.

गंमत अशी की मोजण्याचा आग्रह धरणाऱ्या घराण्याच्या या मूळपुरुषाने स्वतः फारसे काही मोजले नाही. मोजले ते केतलेने. फ्रान्सच्या गुन्ह्यांचे सरकारी तक्ते त्याने लावून पाहिले आणि तो थक्क झाला. दरवर्षी खून जवळजवळ तितकेच. इतकेच नव्हे, सुऱ्याने किती, बंदुकीने किती, याचेही प्रमाण फारसे हलत नव्हते. प्रत्येक खुनी आपापल्या रागाने खून करतो, आणि बेरीज मात्र ठरल्यासारखी येते! यातून त्याने 'सरासरी माणूस' ही कल्पना काढली. सरासरी माणूस कोणाच्याच घरी राहत नाही, पण सरकारी कचेरीत त्याच्याइतके वजन कोणाचेच नसते.

या विचाराचे खरे शास्त्र केले एमिल द्युरकेमने. धर्मगुरूचा हा मुलगा १८५८ साली जन्मला. १८९५ साली त्याने समाजशास्त्राच्या पद्धतीचे नियम लिहिले. सामाजिक वास्तवांकडे वस्तूंसारखे पाहावे, हा त्यातला गाभा. आणि दोनच वर्षांनी, १८९७ साली, त्याने सर्वांत खासगी, सर्वांत एकाकी अशी कृती निवडून आपले म्हणणे सिद्ध करायला घेतले. ती कृती म्हणजे आत्महत्या. त्याचा भाचा मार्सेल मोस याने न्यायखात्यातल्या सुमारे २६,००० नोंदी वय, लिंग, विवाह, मुलेबाळे यांनुसार लावून दिल्या. त्यातून दिसले की प्रॉटेस्टंटांत प्रमाण कॅथलिकांपेक्षा जास्त. एकट्यांत संसारी माणसांपेक्षा जास्त. युद्धे आणि राजकीय उलथापालथी चालू असताना उलट कमी. म्हणजे कारण एकेकाच्या दुःखात शोधून पुरत नाही, माणसाला समाजाशी बांधणारे धागे सैल आहेत की घट्ट, यावर प्रमाण ठरते. धागे फार घट्ट असले तरीही माणूस मरतो, याचे उदाहरण देताना त्याने आपल्याकडच्या सतीचा उल्लेख केला आहे.

हे पुस्तक प्रथम वाचले तेव्हा मी भारावून गेलो होतो. आजही त्याच्या धाडसाला दाद द्यावीशी वाटते. पण अन्वयार्थवाल्यांनी त्यावर जे बोट ठेवले ते टाळता येत नाही. १९६७ साली अमेरिकेतल्या जॅक डग्लस यांनी विचारले, ही २६,००० प्रकरणे 'आत्महत्या' म्हणून लिहिली कोणी? डॉक्टरने, पोलिसाने, न्यायाधीशाने. आणि घरच्यांनी जे सांगितले त्यावरून. जिथे आत्महत्येला धर्माची माफी नाही, पवित्र भूमीत दफन मिळणार नाही, तिथे कुटुंब ती लपवणार, आणि गावचा डॉक्टर त्याला साथ देणार. मग कॅथलिकांत आत्महत्या कमी की कॅथलिकांत 'आत्महत्या' हा शब्द कागदावर येणे कमी? आकडा तयार होण्याआधीच माणसांनी घटनेला अर्थ देऊन टाकलेला असतो.

हे परक्या देशाचे वाटत असेल तर महाराष्ट्रातल्या शेतकरी आत्महत्या आठवाव्यात. सरकारी मदतीसाठी प्रत्येक प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे जिल्ह्याची समिती ठरवते. जमीन नावावर होती का, कर्ज कोणाचे, अशा कसोट्या लागतात. जन्मभर शेतात राबलेल्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसेल तर तिची नोंद बहुधा गृहिणी म्हणून होते. तक्त्यात ती शेतकरी म्हणून मरतच नाही. पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोणी मोजलेच नसते तर विदर्भात काय चालले आहे हे मुंबईला आणि दिल्लीला कळायला आणखी किती वर्षे लागली असती? एकेका घरचे दुःख एकेका घरचेच राहिले असते. द्युरकेमचे एवढे ऋण मान्य करूनच पुढे जावे.

आता दुसरे घराणे. त्याचा मोठा गवई माक्स वेबर. जन्म १८६४, मृत्यू १९२०. कृतीला कर्ता जो अर्थ देतो तो जाणून घेऊन मग तिची कारणमीमांसा करणे, हे समाजशास्त्राचे काम, असे त्याने मांडले. यासाठी तो 'फेरश्टेहेन' हा जर्मन शब्द वापरतो. आपल्या भाषेत 'उमजणे'. पाठ्यपुस्तकांत वेबर आला की प्रॉटेस्टंट धर्म आणि भांडवलशाही यांवरचे त्याचे १९०४-०५चे प्रसिद्ध निबंध सांगतात आणि धडा संपवतात. त्याच्या तरुणपणीचे एक काम मात्र क्वचितच कोणी सांगतो. आपल्यासाठी तेच जास्त मोलाचे आहे, कारण ते एका सीमाभागाचे काम आहे.

एल्बे नदीच्या पूर्वेकडचा जर्मनीचा प्रदेश म्हणजे मोठमोठ्या जमीनदारांचा मुलूख. तिथे जर्मन भाषकही होते आणि पोलिश भाषकही. पोलंडचे राज्य तेव्हा नकाशावरून पुसले गेले होते. या जमीनदारीतली जर्मन शेतमजूर कुटुंबे गावे सोडून शहरांकडे चालली होती आणि त्यांच्या जागी सीमेपलीकडून हंगामी पोलिश मजूर येत होते. हे का घडते याची पाहणी एका विद्वत्‌सभेने हाती घेतली आणि पूर्वेकडचा भाग अवघ्या २८ वर्षांच्या वेबरकडे दिला. १८९२ साली त्याचा जाडजूड ग्रंथ निघाला. त्यात मजुरी, धान्याचा वाटा, जनावर पाळण्याचा हक्क, सगळ्याचे तक्ते आहेत. म्हणजे 'उमजणाऱ्या' घराण्याच्या या गवयाने सुरुवात केली ती मोजण्यापासूनच. एक खोट त्या पाहणीत होती: प्रश्नावल्या गेल्या होत्या जमीनदारांकडे. मजुराबद्दल मालकाला विचारायचे, हा प्रकार! ती खोट त्यालाही खुपली असावी, कारण पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका पाहणीत त्याने पाउल ग्योर नावाच्या सहकाऱ्याबरोबर खेड्यापाड्यांतल्या धर्मगुरूंना प्रश्न पाठवले. मजुरापर्यंत तो तरीही पोचला नाहीच, पण एक पायरी खाली उतरला.

आणि तक्त्यांतून त्याला काय दिसले? नुसत्या मजुरीच्या हिशेबाने हे स्थलांतर समजत नव्हते. मालकाच्या जमिनीवर राहणाऱ्या मजुराला पोटापाण्याची शाश्वती होती, शहरात ती नव्हती. तरीही तो जात होता. वेबरने निदान केले की ओढ पैशाची नव्हे, मोकळेपणाची आहे. मालकाच्या अंगणातून, त्याच्या हाकेच्या टप्प्यातून बाहेर पडायची. शाश्वतीपेक्षा स्वातंत्र्य मोठे वाटणे ही गोष्ट कोणत्याही रकान्यात नव्हती. ती रकाने समोर ठेवून उमजून घ्यावी लागली. कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्यांच्या कहाण्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही.

इथपर्यंत वेबर मोठा. पण याच वेबरने १८९५ साली फ्रायबुर्ग विद्यापीठात प्राध्यापक म्हणून पहिले जाहीर व्याख्यान दिले, ते वाचावे. विषय तोच, पूर्वेकडचा सीमाभाग. जर्मन कोण आणि पोलिश कोण हे ठरवायला त्याने जनगणनेतला धर्माचा रकाना वापरला: कॅथलिक तो पोल, प्रॉटेस्टंट तो जर्मन. ढोबळमानाने ते जुळतही होते. पण मग जर्मन मजूर जातो आणि पोल टिकतो याचे कारण काय? जर्मन जातो ते स्वातंत्र्याच्या ओढीने, आणि पोल टिकतो तो त्याच्या गरजा हलक्या म्हणून, त्याचे राहणीमान खालचे म्हणून. उपाय काय, तर पूर्वेची सीमा परक्या मजुरांना बंद करावी आणि सरकारने जमिनी घेऊन जर्मन शेतकरी वसवावेत. जर्मन मजुराच्या मनात शिरलेला हा माणूस पोलिश मजुराच्या दारातच थांबला. तो मजूर आपल्या तुकडाभर जमिनीला का चिकटून आहे, त्याला तिचा काय अर्थ वाटतो, हे विचारायचे त्याला सुचले नाही. उमजण्याची पद्धत त्यानेच पुढे जगाला शिकवली, पण आपल्या माणसांपुरतेच उमजणे हा या पद्धतीला जडणारा रोग आहे, आणि त्यावर औषध त्या पद्धतीत मला तरी सापडलेले नाही.

त्याच मुलखात पुढे जे घडले ते सीमाभागातल्या वाचकाने मुद्दाम वाचण्यासारखे आहे. व्रेशेन गावी, पोलिश लोक त्याला व्झेश्न्या म्हणतात, १९०१ साली शाळकरी मुलांनी धर्मशिक्षण जर्मनमधून घ्यायला नकार दिला. मुलांना मार बसला आणि प्रकरण युरोपभर गाजले. एका गावाला दोन नावे आणि शाळेत भाषेचे भांडण, आपल्याला यातले काहीच नवे नाही. १९०८ साली जर्मन सरकारने कायदा केला की जाहीर सभा जर्मनमध्येच व्हावी. सूट कोणाला? ज्या विभागात मूळ रहिवाशांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोकांची मातृभाषा जर्मन नाही अशी जनगणना सांगते, त्यांना, आणि तीही वीस वर्षांपुरती. म्हणजे आपल्या भाषेत सभा घ्यायची की नाही, हे आता एका आकड्यावर ठरणार. अशा वेळी दारात आलेल्या प्रगणकाला दिलेले उत्तर ही नुसती माहिती राहत नाही, ते मत होते. शिवाय प्रशियाच्या जनगणनेत पूर्व प्रशियातल्या मसुरियन लोकांची बोली पोलिशहून वेगळी म्हणून मोजली जाई. भाषाशास्त्राला ती पोलिशचीच बोली वाटते. पण रकाना वेगळा केला की बेरीजही वेगळी होते.

मग पहिले महायुद्ध संपले, पोलंड पुन्हा उभा राहिला आणि काही जिल्ह्यांत लोकांनाच विचारायचे ठरले. ११ जुलै १९२० रोजी आलेनश्टाइन भागात मतदान झाले. मसुरियन आणि पोलिश बोलणारे तिथे मोठ्या संख्येने होते. जर्मनीच्या बाजूने जवळजवळ ९८ टक्के मते पडली. २० मार्च १९२१ रोजी अप्पर सायलेशियात मतदान झाले. १९१० सालच्या जनगणनेप्रमाणे तिथे पोलिश भाषकांची बहुसंख्या. मते मात्र सुमारे ६० टक्के जर्मनीला, ४० टक्के पोलंडला. तिथे जन्मलेल्या पण बाहेर स्थायिक झालेल्यांनाही मत होते, त्याने अंतर वाढले हे खरे. तरीही लाखांच्या घरात अशी माणसे निघाली की जी घरात पोलिश बोलत होती आणि मत जर्मनीला देत होती. मसुरियन तर लूथरपंथी. कॅथलिक पोलंड त्यांना आपला वाटला नाही. कोणाला खाणीतली नोकरी आठवली, कोणाला नव्या देशाची धास्ती वाटली. भाषेच्या रकान्यात यातले काही लिहिलेले नव्हते.

आपल्याकडे मोजणीचा कारभार इंग्रजांनी आणला. १८७१-७२ साली पहिली देशव्यापी गणना, आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनी. १९०१ सालच्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले हे तर नाकाची रुंदी मोजून जातीचा दर्जा सांगता येतो अशा मताचे होते. जातींची सामाजिक उतरंड त्यांनी तक्त्यात मांडायला घेतली आणि देशभर खळबळ उडाली. आम्हाला वर घाला, आमचे नाव बदला, असे अर्ज सुरू झाले. १९११च्या गणनेच्या वेळी एकट्या बंगालमध्ये आलेल्या अर्जांचे वजन दीड मण भरले, अशी नोंद आहे. साहेब समाज मोजायला आला आणि समाजाने त्याच्या तराजूलाच हात घातला. रिस्ले यांच्या नाकाच्या सिद्धांताला उत्तर दिले ते मालवणला जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र उभे करणारे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी, १९३२च्या आपल्या ग्रंथात. रिस्ले यांचाच मापांचा मार्ग धरून त्यांनी दाखवले की उत्तर हिंदुस्थानच्या एका भागापलीकडे हा सिद्धांत टिकत नाही. चुकीच्या आकड्यावर उतारा अनेकदा नीट लावलेला आकडाच असतो, हे अन्वयार्थवाल्यांनी विसरू नये.

भाषेचा रकाना तर मुळातच निसरडा. १८८१ साली विचारले मातृभाषा; १८९१ साली आईवडिलांची भाषा; १९०१ साली नेहमी वापरात असलेली भाषा. तीन प्रश्न, तीन उत्तरे, आणि तक्ते मात्र एकाखाली एक लावून वाढ-घट काढायची. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली पंजाबात हिंदी की पंजाबी यावरून इतकी ओढाताण झाली की त्या भागात हिंदी, उर्दू, हिंदुस्थानी आणि पंजाबी यांचे वेगळे आकडे देणेच सोडून द्यावे लागले. ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीच्या १९०५च्या मराठीविषयक खंडात कोकणी ही मराठीची बोली म्हणून आली. १९९२ साली तिला घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्वतंत्र जागा मिळाली. दोन्ही बाजूंचे विद्वान अजून भांडत असतील तर भांडोत. माझा मुद्दा एवढाच की भाषा किती हे मोजण्याआधी भाषा कोणती हे कोणीतरी ठरवलेले असते.

१९९१च्या जनगणनेत मी प्रगणक होतो. शिक्षकांना ते काम चुकत नाही. पुढच्या जनगणनांतही कायम राहिलेली मातृभाषेची व्याख्या पाठ होती: आईने लहानपणी ज्या भाषेत मुलाशी बोलले ती. एका घरी आजोबा म्हणाले, "मागल्या खेपेला काय लिवलंय तेच लिवा की गुरुजी. समद्यांची मराठीच." पण विचारायचे प्रत्येकाचे वेगळे. सून गोकाककडची. मी विचारले, "वहिनी, तुमच्या आईची भाषा कुठली?" तिने सासऱ्यांकडे पाहिले आणि म्हणाली, "आईची कन्नडच की हो." आजोबा काही बोलले नाहीत. मी कन्नड लिहिले. मग नातवंडांचा प्रश्न आला. "पोरांशी कुठल्या भाषेत बोलता?" ती हसली. "तसं मराठीच. रागं आला की कन्नडात." आता व्याख्येप्रमाणे मुलांची मातृभाषा कोणती? आईने बोलले ते दोन्ही भाषांत. लाडाची एक, रागाची एक. सांगितले जाईल तसे लिहावे असा नियम, आजोबांनी मराठी सांगितले, ते मी लिहिले. आणखी येणाऱ्या दोन भाषांसाठी जागा होती, तीत कन्नड गेले. नियमाला धरून सारे चोख झाले, आणि त्या घराची बेरीज मराठीकडे झुकली. इंदूर-ग्वाल्हेरची चौथ्या पिढीतली मुले आपसात हिंदीत भांडतात, बडोद्याची गुजरातीत हिशेब करतात, आणि रकान्यात मराठी लिहितात. यातले खोटे कोणी बोलत नाही. त्यांना विचारलेल्या प्रश्नाचा अर्थच ते 'तू कोण' असा घेतात.

तरी मोजणीला नावे ठेवून आपल्याला भागणार नाही. १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी ठरवले की शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असली तर त्यांच्या मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी. भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, असे पुढे ठरले. अंमलबजावणीचे रडगाणे बाजूला ठेवू. पण हक्क मागायला गेलो तर हातात आकडाच लागतो. खाली ३९ मुले उरली की आपल्या भावना कितीही खऱ्या असल्या तरी मागणीचा आधार जातो. महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. या सगळ्या काळात महाराष्ट्राने धरलेली चार तत्त्वे इथल्या पोराटोरांनाही पाठ होती: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. पहिली तीन मोजण्याची. चौथे उमजण्याचे. तिसऱ्यावरून चौथे आपोआप निघते असे आपण नेहमी धरून चाललो. सायलेशियाचा इतिहास वाचल्यावर मला ते इतके सरळ वाटेनासे झाले आहे. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी हेच चौथे तत्त्व थेट विचारले गेले: १,७२,१९१ मते वेगळे राहण्याला, १,३८,१७० विलीनीकरणाला. ज्या घरांत वर्तमानपत्र आणि भजन मराठीत, आणि बोलणे कोकणीत, त्या घरांनी काय काय मनात आणून ते मत दिले असेल, यावर सांख्यिकीचा कागद गप्प आहे. आणि तरीही ते मतदान झाले, मोजले गेले, म्हणून प्रश्नाचा निकाल लागला.

ही दोन्ही घराणी एकाच गळ्यात ज्यांच्याकडे होती अशा आपल्या इरावतीबाई कर्वे. जन्म १९०५, मृत्यू १९७०. बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली ती मानवी कवट्या मोजून. गोऱ्या माणसाचे श्रेष्ठत्व कवटीच्या ठेवणीत दिसेल अशी गुरूची अपेक्षा. बाईंच्या मापांत ते दिसले नाही, आणि त्यांनी तसे लिहिले. नंतर पुण्याला डेक्कन कॉलेजात असताना १९५१ साली वि. म. दांडेकरांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापांचा ग्रंथ काढला. दहा वर्षांनी, १९६१ साली, त्यांचे हिंदू समाजावरचे इंग्रजी पुस्तक आले. त्याच्या नावातच 'एक अन्वयार्थ' अशा आशयाचे शब्द आहेत. पहिल्या ग्रंथाची मापे त्यांनी टाकून दिली नाहीत. कुंभार म्हणून एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाती एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत, हे मापांवरून दिसले तेव्हा त्यांनी विचारले, मग 'कुंभार' या एका शब्दाला समाज कोणता अर्थ देत आला?

मधल्या काळात त्या पंढरीच्या वारीत चालल्या आणि त्यावर त्यांनी मराठीत लेख लिहिला. त्या वाटेवर त्यांना महाराष्ट्राची एक नवीच व्याख्या सुचली: ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र. सीमा आखायला नकाशा नको, रकाना नको, माणसे कुठे चालली आहेत एवढे पाहा. मला ही व्याख्या फार आवडते आणि ती तशीच्या तशी चालत नाही हेही दिसते, कारण पंढरपूरची वाट कन्नड बोलणारे वारकरीही चालतात, आणि त्यांना आपण महाराष्ट्रात राहतो असे कोणी सांगितले तर ते हसतील. बाईंनी त्याच लेखात आणखी एक गोष्ट लपवली नाही. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा असे दोन गट होते. दिवसभर एकच अभंग एका सुरात म्हणायचे, आणि मुक्कामाला चुली वेगळ्या पेटायच्या. दोन्हीकडे ऊठबस करणाऱ्या बाईंना ते सलत राहिले. पण चुली किती होत्या, हे त्यांनी लिहून ठेवले.